गोडखाऱ्या पिठाचा प्रश्न

आमच्या गावात भट्टीत जाणारं पीठ प्रश्न विचारतं. कढईत जाणारं विचारत नाही, त्यामुळे करंज्या, चकल्या, शेव यांबाबत कोणाची काही तक्रार नाही. नाताळची बिस्किटं मात्र पीठ घरी भिजवून शेखांच्या भट्टीवर न्यावी लागतात. तिथे ओट्यावर पातेलं ठेवून वरचं फडकं काढलं की पीठ समोरच्याला एक प्रश्न विचारतं. ज्याला विचारलं त्यानं खरं उत्तर द्यायचं. उत्तर खरं असलं तर बिस्किटं भाजली जातात. खोटं असलं तर जशी आत गेली तशीच बाहेर येतात, पांढरी आणि गार.

दिवाळीच्या नानकटाईला हाच नियम आहे आणि ईदच्याही. त्यात जातधर्म नाही.

गोड पिठाचे प्रश्न साधे असतात. भर दुपारी चिमण्या कुठे जातात, आरशाला उजेडाचा कंटाळा येतो का, असले. लोक आपापल्या बुद्धीप्रमाणे उत्तर देतात आणि ‘ठाऊक नाही’ म्हटलं तरी ते खरंच असल्यामुळे चालतं. खाऱ्या पिठाचं तसं नाही. त्यात मीठ जितकं जास्त तितका प्रश्न झोंबरा. गेल्या वर्षी तू आजारी होतास की तुला जायचंच नव्हतं? असा. पीठ सगळ्यांना अरे-तुरे करतं, चर्चच्या पाळकसाहेबांनासुद्धा. पाळकसाहेबांनी एकदा उपासनेनंतर जाहीर केलं की भट्टीवर दिलेलं उत्तर मंडळीच्या कामकाजात धरलं जाणार नाही. तेव्हापासून खाऱ्या बिस्किटांचं प्रमाण थोडं वाढलं. तरी ज्यांच्या घरात काही लपवायचं असतं ते दुकानातून पुडे आणतात, आणि त्यावरूनच ते गावाला कळतं.

मी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येणार, कोणती रद्द, हे मी नोकरीभर भोंग्यावरून पुकारलं. निवृत्त झाल्यावर तेच काम मला घरी लागलं. माझी बायको सुवार्ता आणि माझ्या थोरल्या भावाची बायको मार्था वहिनी या एकमेकींशी बोलत नसत. भाऊ वारला, त्यांचा मुलगा अमोद नोकरीला पुण्याला गेला, तेव्हापासून मिशन कंपाउंडातल्या आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत वहिनी एकट्या. मधे एक भिंत, मागे एक अंगण, अंगणात एक नळ. दोघी नळावर हातभर अंतरावर उभ्या असायच्या आणि सुवार्ता मला म्हणायची, “अहो, त्यांना सांगा, पाणी बारीक येतंय.” मी वहिनींना सांगायचो की पाणी बारीक येतंय. वहिनी म्हणायच्या, “भाऊजी, तिला म्हणावं, दिसतंय मला.” मी तेही पोचवायचो. एकही निरोप माझ्याकडून कधी चुकला नाही.

दोघींच्या अबोल्याचं कारण बिस्किटंच होती.

माझी आई गोडखारी बिस्किटं करायची. पिठीसाखर, वेलची, काजूचे तुकडे, चारोळी, लाल-हिरवी टुटीफ्रुटी. आणि त्याच पिठात ओवा, जिरं, तीळ, खारे दाणे. कंपाउंडात दुसरं कोणी असं पीठ भिजवायला धजत नसे, कारण असल्या पिठाचा प्रश्न गोड आहे की खारा हे उत्तर देऊन होईपर्यंत समजत नाही. आईला त्याचं काही वाटत नव्हतं. तिच्या शेवटच्या नाताळात ती दोघी सुनांना घेऊन भट्टीवर गेली. मी पातेलं धरून होतो. फडकं काढलं आणि पीठ म्हणालं, “या दोघींतली तुला जवळची कोण?”

आईनं एकदा दोघींकडे पाहिलं. मग ती वाकली आणि अगदी पिठाला तोंड लावून काहीतरी म्हणाली. बिस्किटं इतकी सुरेख भाजली गेली की भट्टीवाल्या इस्माईलचाचांनी एक मागून खाल्लं. येताना वाटेत मात्र कोणी बोललं नाही. फेब्रुवारीत आई गेली.

सुवार्तानं असा हिशोब केला की आईंनी आपलं नाव घेतलं असतं तर मोठ्यानं घेतलं असतं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून त्या हळू बोलल्या. भिंतीपलीकडे वहिनींनी हाच हिशोब केला, फक्त स्वतःबद्दल. मग दोघींनी आईची पांढरी, निळ्या काठाची उपासनेची साडी मधोमध फाडून घेतली आणि बिस्किटंही वाटून घेतली. सुवार्ता गोड करू लागली. वहिनी खारी. साडीची फडकी झाली आणि दर नाताळात पातेल्यांवर पडू लागली.

यंदा डिसेंबर लागला तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तिला सांगा, मी नव्या वर्षात अमोदकडे जातेय. कायमची. टेम्पो ठरवलाय.”

मी भिंतीला वळसा घालून सांगितलं. सुवार्ता गहू निवडत होती. ती म्हणाली, “त्यांना म्हणावं, पुण्याची हवा चांगली असते.”

मी तेही सांगितलं. पण निरोप पोचवून परत आलो तर ती तोच मूठभर गहू निवडत बसलेली होती. खरं सांगायचं तर मलाही फार वाईट वाटलं. पण माझं काम पुकारण्याचं. प्रवाशाला उतरवणं कंट्रोलरच्या हातात नसतं.

दुसऱ्या दिवशी सुवार्तानं पिशवीतून खारे दाणे आणले आणि सालं चोळून काढत बसली. मी काही विचारलं नाही. दुपारी अंगणात गेलो तर वहिनी ताटलीत टुटीफ्रुटी निवडत होत्या. हेही मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी सांगायला सांगितलं नव्हतं.

नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारी आम्ही भट्टीवर गेलो. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी बिस्किटांजोगी होते, म्हणून सगळं कंपाउंड त्याच वेळी येतं. ओट्यावर पातेली मांडलेली होती. इस्माईलचाचा पातेली फडक्यांवरून ओळखतात. यंदा दोघींची पातेलीही सारख्या मापाची, आणि फडकी तर एकाच साडीची. सुवार्ताचा नंबर आला तेव्हा चाचांनी निळ्या काठाच्या फडक्याचं एक पातेलं पुढे ओढलं आणि तिनं फडकं काढलं.

पिठाचा आवाज नळाला पाणी येण्याआधी पाइपातून येतो तसा असतो. ते म्हणालं, “तू गेलीस तर कोणाचं काय अडणार आहे?”

सुवार्ता म्हणाली, “मी कुठे चाललेय?”

पीठ एकदाच विचारतं.  सुवार्तानं खाली वाकून पाहिलं. दाण्यांना सालं होती.

“चाचा, हे माझं नव्हे,” ती म्हणाली. “मी सालं काढते. हे त्यांचं आहे.”

पण तोवर शेजारी वहिनींनी दुसऱ्या पातेल्यावरचं फडकं उचललं होतं, आणि ते पीठ वहिनींना विचारून मोकळं झालं होतं: “तिला ‘थांब’ म्हणायला जीभ का रेटत नाही?”

 मागे उभ्या असलेल्या लोंढेबाईंनी पातेलं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“पातेली बदलून द्या,” सुवार्ता म्हणाली.

“बदलून कसं होईल बाई?” चाचा म्हणाले. “ज्याला इचारलं त्यानंच सांगायचं. मी काय नियम केला का? आमच्या अब्बाच्या टायमापासून हाय. नाही तर पीठ घरी न्या, चपात्या लाटा.”

“साखरेच्या चपात्या?”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

घाईत भाजायचे पत्रेच्या पत्रे वाया जाऊ नयेत म्हणून चाचा आधी सुपारीएवढी गोळी फळीवर ठेवून आत सारतात. उत्तर खरं निघालं तर मग सगळं. त्यांनी वहिनींच्या पिठाची गोळी केली आणि सुवार्ताकडे पाहिलं.

“कोणाचंच काही अडणार नाही,” सुवार्ता म्हणाली.

गोळी आत गेली आणि बाहेर आली. चाचांनी ती बोटानं दाबली. बोटाचा ठसा उमटला. “गार हाय,” ते म्हणाले. रांगेत कोणीतरी पुढच्याला विचारलं की आता किती वेळ लागेल.

सुवार्ताचे कान लाल झाले होते. “नळ आला की सांगायला कोणी राहणार नाही,” ती म्हणाली.

दुसरी गोळी एका बाजूनं तांबूस होऊन आली. दुसरी बाजू पांढरीच. चाचांनी ती उलटसुलट करून सगळ्यांना दाखवली, आणि सगळ्यांनी हे मान्य केलं की उत्तर अर्धं खरं आहे.

वहिनी समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. ते मागच्या वर्षीचं होतं.

“माझं अडणार आहे,” सुवार्ता म्हणाली. ती पिठाशीच बोलत होती, पण आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. “भिंतीपलीकडे पहिलं भांडं वाजलं की मी इकडे चहा टाकते. रोज. ते वाजलं नाही तर सकाळ झाली हे मला कशावरून कळायचं? घड्याळावरून? घड्याळ काय, यांनाही कळतं.”

गोळी आत गेली. बाहेर आली ती गोल, फुगलेली, सोनेरी. वेलचीचा आणि ओव्याचा वास एकदमच सुटला आणि मला क्षणभर आई मागे उभी आहे असं वाटलं. मी वळून पाहिलं. मागे लोंढेबाईच होत्या.

“आता तुम्ही, बाई,” चाचा वहिनींना म्हणाले.

वहिनींना वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, “कारण तिला वाटतं आईंनी तिचं नाव घेतलं नव्हतं.”

“नव्हतंच घेतलं,” सुवार्ता म्हणाली.

“माझं घेतलं नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

“तुमचंच घेतलं होतं, ताई.”

“मग एवढं हळू कशाला घेतलं असतं?”

मी सवयीनं दोघींच्या मधे उभा राहिलो होतो. माझ्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य माझ्या हातून गेलेलं नाही. मी बाजूला झालो. चाचांनी गोळी बाहेर काढली. ती चांगली भाजली होती. मग त्यांनी दोन्ही पातेल्यांचे पत्रे लावून घेतले आणि पुढच्याला हाक मारली.

पत्रे लावल्यावर पातेल्याच्या तळाला जे चिकटून राहतं तो भट्टीचा वाटा असतो. ते खरवडून चाचा आपल्यासाठी एखादं बिस्किट करतात. दोन्ही पातेल्यांत उरलं होतं थोडंच, म्हणून त्यांनी ते एकत्र केलं. सालवाले दाणे आणि बिनसालीचे दाणे, दोघींच्या हातचं पीठ, एक गोळा. तो त्यांनी ओट्यावर ठेवला, आणि तो म्हणाला, “आई काय म्हणाली होती?”

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वाट्याचं पीठ विचारत नाही. ज्यांची बिस्किटं भाजून झाली होती तेही डबे घेऊन परत फिरले. सगळ्या कंपाउंडाला इतकी वर्षं तेच हवं होतं. पाळकसाहेबांच्या बायकोनं तर मला एकदा चहाला बोलावून आडून विचारलं होतं. आई पिठाशी बोलली त्या दिवशी चाचाही इथेच उभे होते, म्हणून काही जणांनी त्यांच्याकडे पाहिलं. पण प्रश्न चाचांना नव्हता. ते फळी पुसत राहिले.

सुवार्तानं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सुवार्ताकडे.

“माहीत नाही,” दोघी म्हणाल्या. एकदमच म्हणाल्या, त्यामुळे कोणी आधी म्हटलं हे ठरवता येणार नाही.

चाचांनी गोळा थापला, फळीवर ठेवला आणि आत सारला. कोणी घरी गेलं नाही. फळी बाहेर आली तेव्हा बिस्किट नीट भाजलेलं होतं, कडेला जरासं जास्तच. चाचांचा वाटा होता, पण त्यांनी ते मोडलं आणि एकेक तुकडा दोघींच्या हातात दिला.

“गोड हाय का खारं?” त्यांनी विचारलं. त्यांना हिशोबाला लागतं, गोड पत्र्यांचा आणि खाऱ्या पत्र्यांचा दर वेगळा आहे.

“गोड,” सुवार्ता म्हणाली.

“खारं,” वहिनी म्हणाल्या.

घरी येताना दोन्ही डबे माझ्याकडे होते. त्या दोघी पुढे चालल्या होत्या आणि त्याच तुकड्यांवरून भांडत होत्या. नाताळच्या दिवशीही ते चालूच होतं. कॅरलवाल्या पोरांना बिस्किटं देऊन त्यांचं मत घेतलं, तर निम्मी पोरं या बाजूला आणि निम्मी त्या बाजूला.

नव्या वर्षात टेम्पो आला. ड्रायव्हरनं मागचं फळकूट खाली पाडलं आणि सामान कुठलं ते विचारलं. वहिनी अंगणात नळाजवळ होत्या. “जिभेला आधी काय लागतं? मीठ,” त्या म्हणत होत्या. “मग साखर.”

“तुमची जीभच उलटी आहे, ताई,” सुवार्ता म्हणत होती. “आधी साखर. परत खाऊन बघा.”

“परत खायला तसं बिस्किट तर पाहिजे. ते एकाच पातेल्यात भिजवावं लागेल.”

“मग भिजवू की. पुढच्या नाताळला.”

“पुढच्या कशाला? ईस्टरला भिजवू.”

ड्रायव्हरनं दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो म्हणाला, “काका, विचारा की त्यांना, सामान कधी काढायचं.”

मी वाट पाहिली. मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही. दोघींनी नळाखाली आपापल्या बादल्या लावल्या आणि बोलणं पुढे चालू केलं. तेव्हा मी टेम्पोजवळ गेलो, ड्रायव्हरच्या हातावर दोन बिस्किटं ठेवली आणि नोकरीत पुकारायचो त्याच आवाजात त्याला सांगितलं की पुण्याला जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे.