साहेब डब्यात जात नाहीत

रंगराव ढोबळे पुण्यात लेकीकडे आले ते छाती पुढे काढूनच. "सत्तरी गेली, पण एक गोळी नाही घेत मी," हे त्यांनी हडपसरला उतरल्यापासून रिक्षावाल्याला, वॉचमनला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारच्या कुसुमताईंना ऐकवून झालं होतं. "शरीर म्हणजे आपल्या ताब्यातली गाडी हाये. ब्रेक दाबला की थांबते." उभा जन्म यवतमाळकडे एसटीच्या डेपोत गेलेला. तिथे सगळे त्यांना साहेब म्हणत.

बायको गेल्यापासून उत्कर्षा मागे लागली होती, की बाबा, आता इकडेच कायमचे या. रंगराव म्हणाले, महिनाभर राहून बघतो.

उत्कर्षा आणि जावई योगेश दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. घरातला तिसरा प्राणी म्हणजे शंभू नावाचा पिवळा बोका. तो दिवसभर लोळायचा, हाक मारली तर फक्त कान हलवायचा आणि जेवायला उशीर झाला तर दोघांकडे कामचुकार नोकरांकडे बघावं तसं पाहायचा. म्हणून नवराबायको आपसात त्याला 'साहेब' म्हणत. हे रंगरावांना सांगायचं राहून गेलं.

आठवडाभर बरं चाललं. मग एका सकाळी रंगराव उठले, तर कमरेशी गादी ओली. त्यांनी उशाचा तांब्या पाहिला. भरलेला. छत पाहिलं. कोरडं. मग वास आला आणि शंकेला जागा राहिली नाही.

त्यांनी दार लावून चादर गोळा केली, न्हाणीघरात नेऊन गुपचूप धुतली आणि चोरासारखे बाहेर आले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज ऐकू आला. ती जनावरांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होती.

"अहो डॉक्टर, साहेबांनी परत सोफ्यावर केलंय."

रंगराव थिजले. काल संध्याकाळी ते त्याच सोफ्यावर बातम्या बघता बघता पेंगले होते.

"डबा आहे ना. रोज साफ करून ठेवते. पण डब्यात जातच नाहीत."

परसाकडे डबा घेऊन जायचं आपण केव्हाच सोडलं, रंगरावांच्या मनात आलं. आणि डब्यात तर कधीच गेलो नाही.

"ऑपरेशन? हो, झालंय त्यांचं. त्यानंतरच जरा पोट सुटलं."

रंगरावांचा हात आपोआप हर्नियाच्या टाक्यांवर गेला.

"नाही हो, ओरडत नाही आम्ही. पण योगेश वैतागलाय. म्हणतो, असंच चाललं तर बाल्कनीत ठेवू."

दोघं कामावर गेल्यावर रंगरावांनी बाल्कनी नीट पाहून घेतली. कॉट आडवी मावत नव्हती. उभी टाकली तर पाय कुंडीत जात होते.

दुपारचा चहा त्यांनी सोडला. पाणी घोटाघोटाने पिऊ लागले. आणि शेवटी मनाचा हिय्या करून औषधाच्या दुकानात गेले.

"ते बाळांना घालतात ते द्या," ते हळूच म्हणाले.

"बाळाचं वजन किती?"

"पंच्याहत्तर किलो."

दुकानदाराने मानही वर केली नाही. "मग बाळालाच पाठवायचं की."

"आलं हाये ते," रंगराव म्हणाले.

मागे खोकल्याचं औषध घ्यायला कुसुमताई उभ्या होत्या. संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांनी उत्कर्षाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वडिलांना जपा हो. आज दुकानात स्वतःसाठी डायपर मागत होते. आमच्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं."

उत्कर्षाने घरात येऊन योगेशला सगळं सांगितलं. दोघं बराच वेळ सोफ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे हे बाबा?" योगेश म्हणाला. "आणि आपण त्या बिचाऱ्या शंभूला बोलत होतो."

त्या क्षणापासून शंभू निर्दोष सुटला. त्याला भरपाई म्हणून उकडलेली कोंबडी मिळाली आणि सगळ्या खोल्यांची दारं उघडी झाली. रंगरावांच्या चादरीखाली मात्र प्लास्टिक आलं. कूस बदलली की भाजलेल्या पापडावर झोपल्यासारखा आवाज व्हायचा. योगेश शेजारी येऊन बसला आणि फार मायेने म्हणाला, "बाबा, आपण घरचेच आहोत. कसलाही संकोच करू नका."

एवढं गोड बोलतो म्हणजे बाल्कनी नक्की झाली, असं रंगरावांनी धरलं.

रविवारी त्यांनी दिवाणखान्यात बॅग उघडली आणि धोतरं, सदरे भरू लागले. "निघतो मी. तिकडे दशरथ एकटा हाये." दशरथ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो बायको, तीन मुलं आणि सुनांसह राहत होता.

उत्कर्षाचे डोळे भरले. "बाबा, आम्हाला तुमचं काही जड नाही. मी धुवीन सगळं."

"तू कायले धुशील? मी काय लहान हाये?" रंगराव म्हणाले. "मले माहीत हाये सारं. उगाच लेकीच्या संसारात घाण नको."

ती काही बोलणार, तेवढ्यात शंभू आला. त्याने बॅग हुंगली, आत चढला, शेपटी ताठ केली आणि घडी घातलेल्या सदऱ्यांवर अगदी निवांतपणे कार्यक्रम उरकला.

"साहेब, काय हे!" उत्कर्षा ओरडली.

"मी कुठं काय केलं?" रंगराव दचकून म्हणाले.

"तुम्ही नाही हो बाबा. हा."

"साहेब हा हाये?"

"हाच."

"आणि डबा?"

"त्याचाच. वाळूचा."

रंगराव मटकन सोफ्यावर बसले. मग त्यांना हसू फुटलं. एवढं फुटलं, की धोतर सावरता सावरता ते उठले आणि त्यांनी ओल्या बॅगेसकट बोक्याला कवेत घेतलं. योगेश भिंतीला टेकून हसत होता, आणि उत्कर्षाला हसावं की रडावं कळेना म्हणून ती दोन्ही करत होती. आपल्या कपड्यांवर कोणी मुतल्याचा इतका आनंद हडपसरात तरी याआधी कोणाला झाला नसेल.

संध्याकाळी तिघंही शंभूला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा करून तपासलं.

"प्रकृती उत्तम आहे. घरात काही बदललं की मांजरं असं करतात. अलीकडे नवीन कोणी राहायला आलंय का?"

लेक आणि जावई रंगरावांकडे बघू लागले. रंगराव पंख्याकडे बघू लागले.

"म्हणजे फिरून मीच," ते पुटपुटले.

डॉक्टर म्हणाले, यांचा वापरलेला कपडा त्याच्या टोपलीत ठेवा, यांच्याच हाताने खायला द्या, वासाची ओळख पटली की थांबेल. रंगरावांनी आपला जुना बनियन दिला. हळूहळू शंभू बनियनवरून थेट त्यांच्या पोटावर झोपायला आला, आणि डब्यातही जाऊ लागला.

महिना संपता संपता दशरथचा फोन आला. "काऊन दादा, कधी येऊन राहिला?"

"आता कुठं जमते बाप्पा," रंगराव ऐटीत म्हणाले. "इथं एकाले माझ्याशिवाय झोपच येत नाही."

"कोणाले? जावयाले?"

रंगरावांनी पोटावरच्या शंभूकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "लाइन कटून राहिली रे," आणि फोन ठेवून दिला.