पवनीवाली, लाखनीवाली आणि उदारामजी

आमच्या गल्लीत कोणी नवी वॉशिंग मशीन घेतली की लोक पेढे मागायला जातात. उदारामजी निपाने दुखवट्याला जातात. खांद्यावर दुपट्टा, मान खाली. दाराजवळच्या खुर्चीवर दोन मिनिटं गप्प बसतात. नव्या मशीनकडं पाहतसुद्धा नाहीत. मग हळूच विचारतात, "जुनीले शेवटी काय तरास झाला?"

घरची बाई भांबावते. "पाणी टिपकत होतं, काकाजी," असं काहीतरी सांगते.

"मंग कोणाले दाखवली?"

"नाही. नवीच्या बदल्यात देऊन टाकली."

"दाखवली बी नाही!" म्हणत उदारामजी असा सुस्कारा सोडतात की त्या बाईला त्या दिवशी जेवण जात नाही. चहा आणला तर नको म्हणून हात जोडतात. अशा वेळी त्या घरी चहा घ्यायचा नसतो, एवढं त्यांना कळतं.

मी त्यांचा शेजारी. भंडाऱ्यात गेली बावीस वर्षं आमच्या दोन आंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. मी शाळामास्तर. गल्ली मला गुरुजी म्हणते आणि गल्लीतला प्रत्येक अर्ज माझ्याच हातून लिहून जातो, नळाचा असो की वीजबिलाचा. अर्ज लिहिण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. त्या समजापायी मी एक गोष्ट करून बसलो. ती सांगायची लाज वाटते, म्हणून आधी उदारामजींबद्दलच सांगत बसतो.

त्यांच्या आंगणात टिनाच्या शेडखाली अकरा वॉशिंग मशिनी आहेत. सगळ्या जुन्या, दोन डब्यांच्या, गोल बटणं करकर फिरवायच्या. शिवाय तीन मिक्सर, जंगलातल्या कोण्या विश्रामगृहातून निघालेला रॉकेलवर चालणारा फ्रीज, आणि एक टोस्टर. उदारामजी ब्रेड खात नाहीत. पण महिन्यातून एकदा टोस्टरमध्ये भाकरीचा तुकडा ठेवून तो उडतो की नाही हे पाहतात. उडाला की टाळी वाजवतात.

मशिनींना ते कंपनीच्या नावानं हाक मारत नाहीत. आपल्याकडं सुनेला माहेरच्या गावानं ओळखतात, तशा त्यांच्या मशिनी. "पवनीवाली भलती नाजूक. पाणी कमी पडलं का कुरकुर करते. लाखनीवाली सोशिक हाये. हायवेच्या ढाब्यावर अठरा वर्षं ट्रकवाल्यांच्या चादरी धुतल्या तिनं. कंबर गेली, पर बोलली नाही."

तपासणीची त्यांची एक रीत आहे. पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक मशीनच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. मग निकाल. "बिमार हाये, मेली नाही." हा निकाल आजवर कधी बदललेला नाही. आमचे हेडमास्तर दवाखान्यात भरती होते तेव्हाही त्यांनी पलंगाजवळ उभं राहून हेच सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं.

आसगाववालीची कथा तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. आसगावात मासोळी धरणाऱ्या एका घरी जुनी मशीन पडून आहे, असं त्यांना एसटीत कोणीतरी सांगितलं. उदारामजी पुढच्याच गाडीनं गेले. पाहतात तर धुवायच्या डब्यात पाणी भरून त्यात जिवंत मरळ मासे सोडलेले. "तिच्या पोटात मरळ पोहून राहिली होती, गुरुजी! कपडे धुणारीच्या पोटात!" हे सांगताना त्यांचा आवाज फाटतो. त्या घरच्यांना माशांसाठी नवा टब घेऊन दिला आणि मशीन ऑटोत टाकून आणली. ऑटोत ती बसली, हे बाहेर लटकत आले. पुढं दोन महिने आमच्या गल्लीतली मांजरं त्यांच्या भिंतीवरून हलत नव्हती.

रविवारी दुपारी दोन ते पाच मशिनींची पाळी असे. एकीमागून एक लावायची. कपडे नाहीत, नुसतं पाणी आणि मूठभर पावडर. घर्र करून इकडं फिरायची, खट्ट थांबायची, घर्र करून तिकडं फिरायची. बावीस वर्षांत मला या आवाजाचा कधी त्रास झाला, असं आठवत नाही. तरी मी पुढं जे लिहिलं ते लिहिलं.

झालं असं. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला पाहायला नागपूरचे पाहुणे आले. रविवार, दुपारचे तीन. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या प्लेटा आणि भिंतीपलीकडं आसगाववालीचा सुकवायचा डबा रिकामाच गरगरायला लागलेला. तिचा तोल गेला की ती जागेवरून चालायला लागते. दणादण दणादण करत ती भिंतीवर येऊन आदळली. मुलाच्या आईच्या हातातला चमचा पडला. तेवढ्यात खुद्द उदारामजीच माफी मागायला आत आले, आणि माफी मागून झाल्यावर जायच्या ऐवजी बसले.

"बाई, तुमच्या घरी मशीन कोणती हाये?" त्यांनी मुलाच्या आईला विचारलं.

"समोरून उघडणारी. ऑटोमॅटिक. दिवाळीलाच घेतली," बाई तोऱ्यात म्हणाल्या.

उदारामजींनी मान खाली घातली. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलंच, "जुनीले शेवटी काय तरास झाला?"

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी कळवलं नाही. माझ्या मुलीनंच त्या मुलाला फोन करून नकार दिला होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं. पण त्या दिवशी मला एकच कारण दिसत होतं आणि ते भिंतीपलीकडं घर्र घर्र करत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट बसस्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. असल्या तक्रारी जिथं घेतात त्या ऑफिसच्या नावानं अर्ज सांगितला. 'भंगाराचा बेकायदेशीर साठा', 'कर्णकर्कश ध्वनी', 'मासळीसदृश दुर्गंधी', 'सबब सदर साहित्य तत्काळ हटविण्यात यावे'. खाली 'एक त्रस्त नागरिक'. इतकी सुबक तक्रार मी आयुष्यात लिहिली नव्हती. दोनदा वाचली आणि खरं सांगतो, मला माझंच कौतुक वाटलं.

दहा-बारा दिवसांनी उदारामजी भिंतीशी आले. हातात नोटीस, नोटिशीला माझ्या तक्रारीची प्रत टाचलेली.

"गुरुजी, सात दिवसांत जबाब द्या, नाही त सामान उचलून नेऊ म्हणते. जबाब तुमीच लिहून द्या. तुमच्यासारखं कोणाले जमते?"

नाही म्हणायला कारण काय देणार? मी कागद-पेन घेऊन त्यांच्या शेडखाली बसलो. अकरा मशिनींच्या मधोमध, त्यांच्यावर बालंट आणणारा मीच.

"लिहा," ते म्हणाले, "का ज्या भल्या माणसाले तरास झाला तेनं फक्त सांगावं, कोणती मशीन जास्त आवाज करते. मी तिच्याखाली रबर देतो. मासळीच्या वासाची गोष्ट खरी हाये. तेच्यात माही चुकी हाये."

'भल्या माणसाला' लिहिताना माझं पेन अडलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण उदारामजी, धुवायला कपडे नसताना मशिनी चालवता काहून?"

ते बराच वेळ लाखनीवालीच्या झाकणावर हात फिरवत राहिले.

"आमी कोष्टी, गुरुजी. ह्याच आंगणात चार हातमाग होते. बाप, दोन भाऊ, मी. धोटा इकून तिकडं जाये, तिकून इकडं ये, सकाळपासून खट खट. बायको सुताच्या कांड्या भरे. त्याच आवाजात जन्मलो, त्याच आवाजात लगन झालं. मंग माग बंद झाले, मी मशिनी दुरुस्तीचं काम धरलं. भाऊ गेले. बायको बी गेली. घर असं चूप झालं का मले माह्या चावण्याचा आवाज ये. झोप म्हणून नव्हती. मंग एक दिवस ही पवनीवाली दुरुस्तीले आली. लावून पाहिली. इकडं फिरली, थांबली, तिकडं फिरली. मी तिच्याजवळ बसल्या बसल्या झोपून गेलो."

मग माझ्या हातातल्या कागदाकडं बोट करून म्हणाले, "हे तेच्यात नका टाकू. हे तुमाले सांगितलं."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून 'सबब विनंती' असं लिहिलं, त्यांची सही घेतली आणि घरी आलो.

जबाब पोचला. ऑफिसातले साहेब येऊन पाहून गेले, आणि तक्रार निनावी म्हणून प्रकरण तिथंच मिटलं. मशिनी वाचल्या. मी सुटलो असं मला वाटलं. पण त्या रविवारी दोन वाजले, तीन वाजले, भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना. पुढच्या रविवारीही नाही. मी डोकावून पाहिलं तर उदारामजी शेडखाली नुसते बसलेले.

"आज पाळी नाही का?"

"कोणाले तरास होते, कायले लावू?"

माझी बायको रंजना तेवढंच म्हणाली, "किती चूप वाटून राहिलं नाही?" तिला काही ठाऊक नव्हतं. मी अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

तिसऱ्या रविवारी मी आमच्या मशीनच्या प्लगमधली एक वायर सोडवली, बादलीभर चादरी घेतल्या आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. "उदारामजी, आमची मशीन बंद पडली. ह्या तेवढ्या धुऊन द्या."

"चला, आधी पाहू तिले," म्हणून ते उठले. हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी आमच्या मशीनला पेचकस लावून ऐकलं. मग प्लग उघडला. वायर नीट सोडवलेली, वर स्क्रू पुन्हा घट्ट आवळलेला. वायर आपोआप निसटली असती तर असं झालं नसतं. ते त्या स्क्रूकडं पाहत राहिले.

"मोठा बिघाड हाये, सूनबाई," ते रंजनाला म्हणाले. "पार्ट नागपूरवरून बोलवा लागन. तवरिक कपडे माह्याकडं धाडत जा." आणि आमचा प्लग कापून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला.

मी त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेलो. "उदारामजी, ते तक्रारीचं..."

"तुमच्या लिहिण्यात वजन हाये, गुरुजी," ते म्हणाले. "दोन्ही कागदांत."

माझ्या हातातली बादली घेऊन ते चालायला लागले. मी तिथंच उभा. म्हणजे नोटीस घेऊन भिंतीशी आले आणि 'तुमच्यासारखं कोणाले जमते?' म्हणाले, तेव्हाच त्या टाचलेल्या प्रतीतली माझी भाषा त्यांनी ओळखलेली होती. कळूनसवरून ते माझ्यासमोर बसले आणि घर चूप झाल्याची ती गोष्ट त्यांनी मला सांगितली, जो त्यांच्या मशिनी उचलून न्या म्हणाला होता त्याला. चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तर मी कधीतरी विसरलो असतो.

पलीकडं पाणी भरल्याचा आवाज आला, आणि मग घर्र सुरू झालं.

आमचा पार्ट नागपूरवरून अजून आलेला नाही. दर रविवारी दोन वाजता मीच बादली घेऊन जातो. माफी मागायची राहिली आहे. तोंड उघडलं की ते म्हणतात, "गुरुजी, पांढरे अलग काढा, रंग लागते." मी पांढरे अलग काढत बसतो.