तात्यांचा ढाक्याचा अर्ज

आमच्या शेजारच्या बबनतात्यांच्या ओसरीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं अर्धा तास पुढं. नव्या माणसाला वाटतं, ते बिघडलंय. तात्या शांतपणे सांगतात, "ते ढाक्याचं हाय."

राहाता तालुक्यातला हा डाळिंबवाला माणूस बांगलादेशाबद्दल असा बोलतो, जणू तो श्रीरामपूरच्या पलीकडचा तालुका आहे. तिकडं पाऊस झाला, तिकडं ईद जवळ आली, हे आमच्या गल्लीत आधी त्यांना कळतं. दिल्लीचा कुणी मंत्री ढाक्याला गेला की ते सकाळीच माझ्या दारात हजर. "गुरुजी, पेपरात बघा बरं, हात मिळवताना हसलेत का?" दोन देशांचे संबंध ते फोटोतल्या दातांवरून ठरवतात. आणि अंदाज फारसा चुकत नाही.

याला कारण जलालभाई, ढाक्याचा फळांचा व्यापारी. बऱ्याच वर्षांपूर्वी तो बागा बघायला आला होता. त्यानं शिर्डीत हॉटेलात खोली घेतली होती, पण तात्यांनी त्याची बॅग उचलून सरळ घरी आणली आणि त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्याला चार दिवस ठेवून घेतलं. तेव्हापासून तात्यांचं डाळिंब त्याच्याकडे जाऊ लागलं. फोनवर दोघं जी भाषा बोलतात ती हिंदी नाही, बंगाली नाही आणि मराठी तर नाहीच. पण भांडण एकदाही झालेलं मी ऐकलं नाही.

मग तिकडच्या सरकारनं फळांवरचा कर वाढवला आणि पाठोपाठ दोन्ही सरकारांचंही बिनसलं. ढाक्याच्या गाड्या थांबल्या. गावानं दिल्लीचा बाजार धरला. तात्यांनीही माल दिल्लीला दिला, पण विषय सोडला नाही. मला अर्ज लिहायला बसवलं. मायना त्यांचाच, 'दोन्ही सरकारांना सप्रेम नमस्कार.' मी म्हटलं, असा अर्ज नसतो. त्यांचं म्हणणं पडलं की, भांडणाऱ्यांना एकेकटं गाठलं तर जो तो आपलीच बाजू सांगत बसतो.

अर्ज घेऊन आम्ही एसटीनं नगरला कलेक्टर कचेरीत गेलो. तिथल्या क्लार्कनं तो दोनदा वाचला आणि हा विषय जिल्ह्याचा नाही म्हणून परत दिला. तात्या समोरच्या बाकावर बसले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. तात्या तिथंच.

"म्या जिल्ह्यात ऱ्हातो, म्हनून जिल्ह्याला सांगतो," ते क्लार्कला म्हणाले. "तुमी फुडं सांगा."

शेवटी शिक्का मिळाला. त्याचा फोटो तात्यांनी कचेरीच्या पायरीवरूनच ढाक्याला पाठवला.

त्यानंतर तीन स्मरणपत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. चौथ्याच्या वेळी मी कंटाळलो. म्हटलं, इतके दिवस जलालभाई तरी आपल्या डाळिंबासाठी थांबलाय का, कोण जाणे.

तात्या छाटणीची कात्री पुसत होते. "त्यानं दुकान कवाच मोडलं, गुरुजी. आता लेकाच्या कापडाच्या दुकानात बसतो."

मग हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं.

त्यांनी कात्री मिटून बाजूला ठेवली. "दर शुक्रवारी फोन करतो तो. अर्जाचं काय झालं इचारतो. मंग फोन ठिवताना हिच्या हातच्या झुनक्याची आठवन काढतो. ती गेली त्याला दोन वर्सं झाली. पोरं फोनवर माझं बीपी इचारत्यात. हिचं नाव काढनारा तो एकलाच ऱ्हायला. अर्ज मिटला, तर कशापायी फोन करील तो?"

मी चष्मा लावला, कागद पुढं ओढला आणि चौथं स्मरणपत्र लिहून दिलं. उत्तर लवकर मिळावं, ही विनंती मात्र त्यात घातली नाही.