शालूताईंच्या ओट्यावरची बीएमएक्स

आमच्या शेजारच्या शालूताई सायकल दुरुस्त करण्याआधी तिचं माप घेतात. गळ्यातली टेप काढून हँडलपासून सीटपर्यंत लावतात, ओठ मिटून आकडा पुटपुटतात आणि मग माझ्याकडे नजर टाकतात. "सायकल अंगाला बसली पायजे, बाई. नुसती हवा भरून काय व्हतंय?"

रेवदंड्यात त्या ब्लाऊज शिवतात. वय साठ, उंची साडेचार फूट. लेडीज सायकलवरून पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून बीएमएक्स, म्हणजे पोरांची ती लहान चाकांची सायकल, चालवतात. समुद्राकाठचा बंगला सोडताना एका मुंबईच्या कुटुंबाने मुलांच्या दोन बीएमएक्स टाकून दिल्या होत्या. एक शालूताईंनी आणली, दुसरी माझ्या गळ्यात मारली. "तुमची शाळा जवळ हाय. रिक्षा कशाला?" मी पन्नाशीची, अंगाने भरलेली, गणित शिकवणारी बाई. त्या बुटक्या सायकलवरून पहिल्यांदा फाटकात शिरले, तेव्हा आठवीचा अख्खा वर्ग खिडकीत आला होता.

खाऱ्या हवेत लोखंडाचं काही खरं नसतं. दर पंधरवड्याला माझ्या सायकलचं काहीतरी बिघडायचं आणि मी ती ढकलत शालूताईंच्या ओट्यावर न्यायची. त्यांचं सगळं शास्त्र शिलाईचं. चेन सैल पडली की "धागा ढिला झालाय." मग मागच्या चाकाचे नट सोडायचे, चाक सरळ मागे ओढायचं, चेन बोटाने दाबली की अर्धा इंचच हलते ना ते बघायचं आणि नट आवळायचे. तेल अर्थातच शिलाई मशीनचं. पंक्चरला त्या 'उसवलं' म्हणायच्या. एकदा ब्रेक किंचाळायला लागले, तर त्यांनी रबरं काचपेपरने घासली आणि त्यांनाच दम भरला, "गावात ऱ्हायचं तर आवाज खाली!"

काम दहा मिनिटांचं. पण मध्ये चहा व्हायचा, कुणाचा ब्लाऊज भर मांडवात दंडावर कसा फाटला ते साभिनय व्हायचं, आणि मी घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची.

एका रविवारी चेन पुन्हा निसटली. शालूताईंकडे लग्नसराईच्या कपड्यांचे ढीग पडलेले. कशाला त्रास द्यायचा, म्हणून मीच पाना घेऊन अंगणात बसले. पहिल्यांदा चाक तिरकं बसलं, दुसऱ्यांदा बोट चिमटलं, तिसऱ्यांदा जमलं! काळ्या हातांनी सायकल मिरवत मी त्यांच्याकडे नेली.

त्यांनी चेन दाबून पाहिली. "बराबर हाय," म्हणाल्या. "आता तुमाला माजी गरज न्हाय." हसूनच म्हणाल्या, पण लगेच आत जाऊन मशीन सुरू केलं.

मला वाटलं, कामात आहेत. पुढचे तीन आठवडे मी सायकल घरीच सांभाळली, तीही मोठ्या रुबाबात. येता-जाता त्यांचा ओटा दिसायचा. बायका यायच्या, दारातूनच कापड द्यायच्या, "सोमवारी पायजे हां, ताई," म्हणून वळायच्या. टेकत कुणीच नव्हतं. दुपारी ओट्यावर शालूताईंची स्वतःची सायकल उलटी ठेवलेली असायची आणि कालच तेल घातलेल्या चेनला त्या आज पुन्हा तेल घालत असायच्या.

चौथ्या रविवारी मी सायकल घेऊन गेले. "ताई, मागचं चाक डुलतंय वाटतं."

खोटं बोलायची मला सवय नाही.

शालूताईंनी सायकल उलटी केली. कपड्यावर खुणा करायचा चपटा खडू घेतला, फ्रेमला टेकवून रिमच्या अगदी जवळ धरला आणि चाक फिरवलं. चाक जिथे डुलेल तिथे खडू उमटणार. चाक गरगर फिरलं, थांबलं. रिमवर एक पुसटशी रेघसुद्धा नव्हती.

मी ओट्याच्या फरशीकडे बघत राहिले.

त्यांनी चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डब्यातून छोटी चावी काढली, चाकाच्या दोन-तीन तारा चांगल्या सैल केल्या आणि पुन्हा फिरवलं. आता ते झिंगल्यासारखं डुलायला लागलं.

"व्हय की, बाई," शालूताई म्हणाल्या. "लईच डुलतंय. येळ लागंल याला. बसा, चहा टाकते."