शंकरपटाचं नवं इंजिन

कॉम्प्युटरमधलं आपल्याले सगळं समजते! २००६ सालापर्यंत नेरमध्ये माझी तशी ख्यातीच होती. पसरवली मीच होती, तो भाग वेगळा!

माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून ‘शंकरपट’ नावाचा गेम बनवला. बैलांच्या शर्यतीचा. लोकांनी आपापला बैल येऊन दाखवायचा, अन् माझ्या क्लासमधल्या गुलनारनं माऊसनं ठिपका ठिपका करत तो हुबेहूब काढायचा. असे चाळीस बैल झाले. मग कापसानं दगा दिला, एकेक गोठा रिकामा झाला. बरेच बैल फक्त आमच्या गेममध्ये उरले. बाबूसिंगकाका तर दर बाजाराले येत, आपला विकलेला बैल पवऱ्या पळताना पाहत अन् चहा न घेताच जात.

पण ज्या इंजिनावर गेम चाले ते सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं. नव्या कॉम्प्युटरवर हलेच ना! म्हणून गेम नव्या इंजिनावर न्यायचं मी ठरवलं.

“नरहरभाऊ, पयले कॉपी काढून ठेवा,” गुलनार म्हणाली.

“कायले? एका दुपारचं काम हाय!”

नव्या इंजिनात चाचणीले एक बैल पाहिजे होता. आमच्या घरी सात पिढ्या कारकुनी, बैल कुठून आणू? भिंतीवरच्या, कापसाच्या बियाण्याच्या जाहिरातीच्या कॅलेंडरवरचा घेतला. अहाहा, काय पळाला! डिस्क भरली होती, म्हणून जुनं सगळं उडवलं.

बाजाराच्या दिवशी गर्दी जमली. बटण दाबलं. चाळीसच्या चाळीस बैल कॅलेंडरवाले! गुलनारनं काढलेले जुन्यासंगच उडाले होते.

“माहा जिंकला!” गर्दीतला लालसिंग ओरडला.

“हट्! तो माहा हाय!” बाजूच्या डोंगरसिंगनं त्याची कॉलर धरली. लोक पोट धरून हसले.

बाबूसिंगकाका स्क्रीनजवळ गेले. “हे बियाणं पेरलं म्हणून पवऱ्या विकावा लागला मले. अन् त्याच्याच जागी ह्याले उभा केला?”

हसणं थांबलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चाचा, मी पुन्हा काढते ना,” गुलनार म्हणाली. “सांगा, पवऱ्याचं मोडकं शिंग कोन्या बाजूचं होतं?”

काकांनी डोळे मिटले. डावा हात कानाजवळ नेला. खाली घेतला. मग उजवा नेला.

“थांब व माय,” ते म्हणाले. “आताच तं होता डोळ्यापुढं.”

बाजार उठला तरी ते गुलनारजवळ डोळे मिटून बसून होते. गुलनारच्या स्क्रीनवर नुसती पांढरी चौकट होती.

आता कोणी विचारलं तर मी सांगतो, इंजिन एकदम झकास हाय! पळवायले बैल तेवढे नाहीत.