आर्वोने न दिलेला राजीनामा

"मी कोण? मी कोण म्हणजे?"

आर्वो काल्लियो एवढ्या मोठ्याने खेकसला, की स्वयंपाकघरात वेलदोड्याचा पाव भाजणाऱ्या त्याच्या बायकोला, मिर्याला वाटलं, दारात कोणीतरी आलंय.

"कोण आहे रे?" तिने आतूनच विचारलं.

"तेच तर हा मला विचारतोय!"

'हा' म्हणजे संगणक. कॅनडातल्या थंडर बे गावात कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, एक क्लब होता आणि आर्वो त्याचा कित्येक वर्षांचा सेक्रेटरी. गेल्या हिवाळ्यात क्लबाच्या नियमावलीच्या दोन वेगवेगळ्या प्रती निघाल्या आणि खरी कोणती यावरून खेळ बाजूला ठेवून भर बर्फावर हमरीतुमरी झाली. तेव्हा अध्यक्ष डल्सी मॅकअल्पाइनने फर्मान काढलं, की यापुढे नियमावली संगणकावरच्या 'गिट' नावाच्या प्रोग्राममध्ये ठेवायची. कोणी काय बदललं आणि का बदललं याची त्यात आपोआप नोंद राहते, आणि प्रत्येक बदल सगळ्या सभासदांना ईमेलने कळतो. सेक्रेटरीने ते फक्त घरच्या संगणकावर बसवायचं. "चहा गार व्हायच्या आत होईल," असं डल्सी म्हणाली होती. तिने स्वतः ते कधी बसवलेलं नव्हतं.

गिट बसता बसताच आर्वोचं डोकं तापलं होतं. हे हवं का ते हवं, ओळीच्या शेवटी काय करायचं, कुठला एडिटर वापरायचा, एक ना दोन! घरात पाऊल टाकायच्या आधीच पाहुण्याने यजमानाची उलटतपासणी घ्यावी तशातला प्रकार. आर्वो रागारागाने 'पुढे, पुढे, पुढे' दाबत गेला. मग त्याने सातवा नियम बदलला, 'बर्फावर कॉफी नेण्यास मनाई', आणि बदल जमा करायला गेला. तर पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली: कृपया तुम्ही कोण आहात ते सांगा.

"जन्म गेला माझा या गावात!" आर्वो म्हणाला. "कागदाच्या गिरणीत फोरमन होतो. मेयर रस्त्यात थांबून हात मिळवतो. आणि हे कालचं पोर मला विचारतंय, तू कोण!"

"नाव टाक ना, झालं," मिर्या म्हणाली.

आर्वोने टाकलं. नावाच्या जागी त्याने ठासून लिहिलं: 'तू कोण विचारणारा?'

गिटने ते निमूटपणे स्वीकारलं. वाद नाही, शंका नाही. त्यामुळे आर्वो आणखीच चिडला. त्याने बदल पुन्हा जमा करायला घेतला, तर समोर एक काळी खिडकी उघडली. तिला बंद करायचं बटण चालेना, टाईप केलेलं उमटेना. मग कुठलंसं अक्षर दाबलं गेलं आणि एकदम सगळं उमटायला लागलं. आर्वोने मनातलं सगळं ओकलं: 'मला बाहेर पडू दे, गाढवा! आता बस्स झालं माझं!'

मिर्या पिठाच्या हातांनी आली आणि तिने फोनवर शोधून पाहिलं. "अरे, यात जगभरचे लोक अडकलेत! एस्केप दाब. मग दोन टिंबं, डब्ल्यू, क्यू."

खिडकी मिटली. आर्वोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि डल्सीने लिहून दिलेल्या सूचनांतली शेवटची ओळ टाईप करून बदल क्लबाकडे रवाना केला. ती खिडकी बदलाचं कारण लिहायची होती आणि डब्ल्यू म्हणजे 'जपून ठेव', हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पाव थंड व्हायच्या आत सगळ्या सभासदांना ईमेल पोचली. बदल: बर्फावर कॉफीला मनाई. बदल करणारा: तू कोण विचारणारा? कारण: मला बाहेर पडू दे, गाढवा! आता बस्स झालं माझं!

फोन वाजला. डल्सी होती.

"आर्वो, असं का केलंस रे? मनात होतं तर सरळ सांगायचंस. कॉफीवरून कशाला?"

"काय केलं मी?"

"राहू दे. मला वाईट वाटलं, पण मन मोठं करून स्वीकारलाय मी. संध्याकाळी ये."

"काय स्वीकारलंयस?" आर्वोने विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

संध्याकाळी तो क्लबात शिरला तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मधल्या टेबलावर केक. त्यावर साखरेच्या अक्षरांत 'धन्यवाद, आर्वो.'

"कशाबद्दल धन्यवाद?" आर्वो गरजला. डल्सीने ईमेल वाचून दाखवली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाढव म्हणजे संगणक! मी राजीनामाबिजिनामा दिलेला नाही! या क्लबासाठी हाडं झिजवली मी. एका यंत्राच्या आगाऊपणापायी खुर्ची सोडीन होय? मरेपर्यंत सोडणार नाही!"

खजिनदार स्टॅन प्रोकोपिकने हळूच विचारलं, "म्हणजे... तू राहतोयस?"

"राहतोय!"

"नक्की?"

"लिहून देऊ?"

"देवाची कृपा!" स्टॅनने चेकबुक खिशातून काढून आर्वोच्या हातात कोंबलं. "अरे, मी आणि डल्सी आजच सोडणार होतो. माझी कंबर गेलीय, हिला मुलीकडे व्हिक्टोरियाला राहायला जायचंय. तेवढ्यात तुझी ईमेल आली! तिघंही गेलो तर क्लब चालवणार कोण, म्हणून आम्ही दोघं दिवसभर तोंडं पाडून बसलो होतो."

"अरे, पण मी सेक्रेटरी—"

"तेही राहा की!" डल्सीने गळ्यातल्या क्लबाच्या किल्ल्या काढून त्याच्या गळ्यात घातल्या. "सगळ्यांना मंजूर?"

सगळ्यांना मंजूर होतं. या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा जोरात होत्या.

"मला कोणी विचारलं का?" आर्वो ओरडत होता, पण ऐकतो कोण! डल्सीने सुरीने केकवरचं त्याचं नाव अलगद खरवडून काढलं, उरलेल्या साखरेतून स्वतःचं आणि स्टॅनचं नाव कसंबसं बसवलं, आणि पहिला तुकडा कापून नव्या अध्यक्षाच्या हातात ठेवला. आर्वोने तो उभ्या उभ्या, रागारागाने खाल्ला.