मानुशाकबाईंचं दार

आमच्या समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली की आतून विचारणा होते, "कोण?" नाव सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न, "अर्थ?" गॅसवाला बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन ओरडतो, "अब्दुल रहमान, दयाळूचा सेवक!" तेव्हा कुठे दार उघडतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसतं "पोतदार" म्हणालो. अर्थ मला कुठे ठाऊक! जिन्यात उभं राहून सांगलीला बाबांना फोन लावला. "नाणी पारखणारा," मी दाराला सांगितलं. दार उघडलं. "या, मिस्टर पोतदारियान!"

मानुशाक तेर्झियान मूळच्या अलेप्पोच्या आर्मेनियन. इथे आखातात, तुबली भागातल्या एका गॅरेजचं ऑफिस सांभाळतात. एकट्या राहतात. त्यांच्या आडनावांतलं 'यान' म्हणजे 'अमक्याच्या घरातले'. तेर्झियान शिंप्याच्या घरातले, नज्जारियान सुताराच्या. आधी 'देर' आलं तर घराण्यात कुणी पुरोहित होता म्हणून समजा. एकदा म्हणाल्या, "नालबंदियान. घोड्यांना नाल ठोकणारे." मी उडालोच. "अहो, नालबंद आमच्याकडेही आहेत!" बाईंनी उठून कॉफीचं आधण ठेवलं. तो शब्द किती मुलूख तुडवत सांगलीपर्यंत आला असेल!

स्वतःच्या नावाबद्दल मात्र त्या एकदाच बोलल्या. मानुशाक म्हणजे जांभळं रानफूल. आजीचं नाव नातीला, असं ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बाईंनी लग्न केलं नाही. कॅनडातल्या भावाने मुलींना तिकडची नावं दिली. "माझ्यानंतर खलास," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

आमच्या मुलीच्या बारशाला माझ्या ताईला व्हिसा मिळाला नाही. आत्याशिवाय कानात नाव सांगणार कोण? अस्मिता, माझी बायको, सरळ समोरची बेल वाजवून आली. बाई ठेवणीतला रेशमी ड्रेस घालून आल्या आणि पाळण्यावर वाकल्या. 'ईरा' एवढंच सांगायचं होतं, पण बाई उठेचनात. शेवटी बायकांनी कुर्रर्र करत त्यांच्या पाठीत धपाटे घातले.

पाहुणे गेल्यावर बाई अपराध्यासारख्या म्हणाल्या, "मी दोन नावं सांगितली. आधी तुमचं. मग माझं. सॉरी. कुठे लिहू नका."

अस्मिता म्हणाली, "आमच्यातही पत्रिकेतलं एक वेगळं नाव असतं. राहू दे की हेही."

ईरा आता तीन वर्षांची आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. संध्याकाळी समोरची बेल तीच वाजवते, मी तिला उचलून धरतो.

"कोण?"

"मानुशाक."

"अर्थ?"

"पर्पल फ्लॉवर!"

दार लगेच उघडत नाही. बाईंना डोळे पुसायला रोज थोडा वेळ लागतो.